पाळणा आणि सरहद्द

मुंबईहून गुजराथेकडे जाणारा लोहमार्ग डहाणू व घोलवड मागे टाकून पुढे निघाला, की उजव्या हातास डोंगराळ, झाडीने भरलेला मुलूख पसरलेला दिसतो. हा तलासरीचा टापू होय. डहाणू व तलासरी हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत. २०१४ सालापासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. तलासरीच्या सीमेस एकीकडे गुजराथ राज्य व दुसरीकडे दादरा-नगरहवेली भिडलेली आहे, आणि ती सीमा ओलांडताना वाटसरूच्या आज ध्यानातही काही येत नाही. परंतु १९५४ सालापर्यंत नगरहवेलीची हद्द ही दोन परगण्यांची नव्हे, तर दोन राष्ट्रांची हद्द होती. १७३९ साली वसईच्या मोहिमेत डहाणूचा किनारा पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. पुढे १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांस १२,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख देऊ केला, आणि १७८३ साली नगरहवेली त्यांच्या स्वाधीन झाली. पेशवाई बुडाल्यावर डहाणूवर इंग्रजी अंमल बसला. नगरहवेलीत पोर्तुगीज अंमल राहिला. अशा रीतीने, एरवी आगबोटीत बसून जावयाचा जो परदेश, तो या भागात शेताच्या बांधापलीकडे येऊन बसला.

या हद्दीच्या दोहों बाजूंस माणसे मात्र तीच होती. वारली, कोकणा, धोडिया या जमातींची वस्ती अलीकडेही होती आणि पलीकडेही. एखाद्या वारली जोडप्याची काडीमोड झाली आणि बाई कडेवरचे मूल घेऊन माहेरी निघाली, तर ते माहेर कदाचित दुसऱ्या राजाच्या राज्यात असावयाचे. तिच्या लेखी ती बापाच्या घरी चालली होती. कायद्याच्या लेखी ती मुलास घेऊन परदेशी चालली होती. विभक्त झालेल्या आईबापांपैकी एकाने मूल देशाबाहेर न्यावे काय, हा प्रश्न आज विमानाने जगभर फिरणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचा म्हणून ओळखला जातो. वस्तुतः तो फार जुना आहे, आणि त्याचा उलगडा करावयाचा तर डहाणू-तलासरीच्या या हद्दीवरून जितका चांगला होतो, तितका क्वचित दुसरीकडून होईल.

मूल हद्दीपलीकडे नेणे हे कृत्य बाहेरून नेहमी सारखेच दिसते. कोणी एक वडील माणूस, त्याच्या हाती एक लहान मूल, आणि मागे राहिलेले कोणी तरी. पण त्याचा अर्थ मात्र दर वेळी निराळा असतो. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने गोव्यासंबंधी एक फर्मान काढले. ज्या हिंदु मुलास आई, बाप, आजा, आजी यांपैकी कोणी उरले नाही, त्यास अनाथ समजून सरकारने ताब्यात घ्यावे, सेंट पॉलच्या विद्यालयाकडे सोपवावे आणि ख्रिस्ती धर्मात वाढवावे, असा त्याचा आशय होता. पुढे या अनाथपणाची व्याख्या रुंदावत गेली, आणि आई जिवंत असूनही केवळ बाप वारला म्हणून मूल अनाथ ठरू लागले. तेव्हा आया आणि नातलग मुलांना रातोरात हद्दीपलीकडच्या मुलखात पोचवू लागले. सरकारच्या दृष्टीने हे पळवून नेणे होते. आईच्या दृष्टीने ते वाचविणे होते. तेच कृत्य एखाद्या रागावलेल्या बापाने किंवा आईने केवळ दुसऱ्यास शासन घडावे म्हणून केले, तर ते निव्वळ अपहरण ठरते. सारांश, हद्द ही कधी आश्रय असते, कधी चोरवाट असते. कोणत्या वेळी ती काय आहे हे ठरवावयाचे तर नेणाऱ्याच्या हक्काकडे पाहून भागत नाही, मुलाच्या हिताकडे पाहावे लागते. एवढी साधी गोष्ट न्यायासनाच्या गळी उतरावयास मात्र शेकडो वर्षे लागली.

मुंबई इलाख्यात हा प्रश्न न्यायालयात गाजला तो १८४३ साली, श्रीपत शेषाद्रि प्रकरणात. नारायण शेषाद्रि हा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा अज्ञान भाऊ श्रीपत हाही पाद्र्यांच्या घरी जाऊन राहिला. बापाने सुप्रीम कोर्टाकडे धाव घेतली. ज्याला कोणी अडकवून ठेविले असेल त्या इसमास न्यायासनापुढे प्रत्यक्ष हजर करा, असा जो हेबिअस कॉर्पसचा हुकूम, तो मिळाला व मुलगा बापाच्या हवाली झाला. त्यास पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केवढी खटपट केली आणि सनातन्यांनी तीस केवढा विरोध केला, हे महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. अन्यायाच्या कोठडीतून कैदी सोडविण्याचे जे हत्यार इंग्रजी कायद्याने घडविले, ते येथे मुलाचा ताबा ठरविण्यासाठी वापरले गेले. आणि परदेशातून आणलेल्या मुलांचे वाद आजही बहुधा याच हुकुमाच्या द्वारे न्यायालयापुढे येतात. त्या काळी मात्र प्रश्न एकच विचारला गेला: मूल कोणाचे? आणि त्याचे उत्तर ठरलेले होते: बापाचे.

इंग्लंडातही याहून निराळी स्थिती नव्हती. १८३९ च्या कायद्याने विभक्त आईस अगदी लहान मुलांचा ताबा मागण्याची वाट प्रथम मोकळी झाली, तरी बापाचा हक्क हाच पाया राहिला. ॲनी बेझंट यांस त्याचा दाहक अनुभव आला. १८७३ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या, आणि करारानुसार मुलगा बापाकडे व मुलगी आईकडे राहिली. १८७८ साली पतीने अर्ज केला, की बाईची मते निरीश्वरवादी असून संततिनियमनावरील एक पुस्तिका तिने प्रसिद्ध केली आहे, सबब मुलगी तिच्याजवळ ठेवणे योग्य नाही. न्यायाधीशांनी अर्ज मान्य केला आणि मुलगी आईपासून काढून घेतली.

यानंतर दैवयोगाने याच बाई हिंदुस्थानात आल्या आणि अशाच एका वादात दुसऱ्या बाजूस उभ्या राहिल्या. मद्रासेजवळ अड्यार येथे राहणारे नारायणय्या यांनी १९१० साली कृष्णमूर्ती व नित्यानंद या आपल्या मुलांचे पालकत्व लेखी करून बेझंटबाईंकडे सोपविले. बाईंनी मुलांस शिक्षणासाठी इंग्लंडात नेऊन ठेविले. १९१२ साली बापाने मुले परत मागितली. मद्रासच्या न्यायालयाने १९१३ साली बापाच्या बाजूने निकाल दिला. अपिलातही तोच कायम झाला. परंतु १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. बाप हा नैसर्गिक पालक असून दिलेले पालकत्व तो परत घेऊ शकतो, हे त्यांनी नाकारले नाही. त्यांनी एवढेच म्हटले, की मुले इंग्लंडात राहत असता मद्रासच्या जिल्हा न्यायालयास त्यांच्याविषयी हुकूम करण्याचा अधिकार पोचत नाही. दाद मागावयाची तर ती इंग्लंडच्या न्यायालयात मागावी. त्या वेळी थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा झाला होता. बापाचा हक्क कागदोपत्री शाबूत राहिला आणि मुले मात्र हाताबाहेर गेली. हद्द ओलांडली की न्यायाचा हात आखूड होतो, आणि वाद लांबला की मूलच मोठे होऊन वाद निकालात काढते, या दोन्ही गोष्टी या एका प्रकरणात स्पष्ट झाल्या.

वास्तविक पाहता हिंदुस्थानातील कायदेकारांनी या धोक्याची जाणीव आधीच ठेविली होती. १८९० चा पालक व पाल्य कायदा हा त्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अज्ञान मुलासाठी पालक नेमताना न्यायालयाने त्याच्या कल्याणाकडे पाहावे; त्याचे वय, त्याचा धर्म, पालकाची वर्तणूक व नाते यांचा विचार करावा; आणि मूल समजण्याइतके मोठे असेल तर त्याची स्वतःची इच्छाही विचारात घ्यावी, असे त्याच्या १७ व्या कलमात सांगितले आहे. २६ वे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. न्यायालयाने नेमिलेल्या पालकाने त्या न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलास त्याच्या हद्दीबाहेर नेऊ नये, असा त्यात नियम आहे. आणि न्यायालयाचा अंमल चुकविण्याच्या हेतूने जो हा नियम मोडील, त्यास १,००० रुपयांपर्यंत दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास, अशी शिक्षाही पुढे लिहिली आहे. आधी विचारा, मग न्या, हे त्याचे साधे सूत्र होय.

हे सूत्र उत्तम होते. परंतु डहाणू-तलासरीच्या रानात ते कोणाच्या कानी पडणार? अज्ञान मूल जेथे राहते तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करावयाचा, म्हणजे डहाणूच्या माणसाने ठाण्यास जावयाचे. ज्याने तालुक्याची कचेरीही पाहिली नाही, त्या वारल्यास ठाणे हे नगरहवेलीहून अधिक परके होते. त्याचा न्याय पंचांपुढे होई. वारली समाजात काडीमोडीस व पुनर्विवाहास मुभा आहे, आणि लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते, या गोष्टी त्या समाजातील स्त्रीच्या स्थानाविषयी पुष्कळ सांगून जातात. कूळ मात्र बापाकडून चालते, म्हणून मूलही बापाच्या कुळाचे मानले जाते. पंच नवरा-बायकोस आणि त्यांच्या गावांस ओळखत असत, हे त्या न्यायाचे मोठे बळ होते. आईचे माहेर कोठे आहे, बापाच्या घरी मुलास जेवू घालणारे कोण आहे, हे त्यांना साक्षीपुराव्यावाचून ठाऊक असे. आणि त्यांचा शब्द हद्दीच्या पलीकडील भाऊबंदांतही चाले. कायद्याचा हात जेथे पोचत नव्हता, तेथे नात्याचा हात पोचत होता. तथापि या न्यायातही मुलास कोणी विचारीत नसे, आणि बाईची बाजू दुबळी असली की ती दुबळीच राही, हेही विसरता कामा नये.

शिवाय पालकत्व पाळावयाचे तर पालक प्रथम स्वतःचा मालक असावा लागतो. या टापूत लग्नगड्यांची प्रथा होती. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी वारली माणूस जमीनदाराचा बांधील गडी होऊन राही, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बायकोसही राबावे लागे. १९३८ च्या सुमारास सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारास सादर केलेल्या अहवालात या स्थितीचे वर्णन आले. १९४५ च्या मे महिन्यात, त्या वेळी उंबरगाव तालुक्यात मोडणाऱ्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या वेठीविरुद्ध लढा उभा राहिला. ज्या बापास स्वतःचा दिवस स्वतःच्या ताब्यात नाही, त्याने मुलाचा ताबा मागावयाचा तो कोणत्या तोंडाने? आईबापांच्या जबाबदारीविषयी बोलताना त्यांच्या स्वातंत्र्याचा विचार आधी करावा लागतो, हे झरीच्या सभेने न सांगता सांगितले.

त्याच १९४५ साली, याच परिसरात, समुद्रकाठच्या बोरडी गावी, मुलांच्या संबंधाने दुसरे एक कार्य सुरू झाले. ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. या कार्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण ताराबाईंच्या आयुष्यातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाशी फार निकटची असून ती तितकीशी सांगितली जात नाही. १८९२ साली मुंबईत, प्रार्थनासमाजी घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या, आणि विवाहानंतर अमरावतीस गेल्या. १९२१ साली तो विवाह संपुष्टात आला. लहान मुलीची जबाबदारी पत्करून ताराबाई काठेवाडात गेल्या. राजकोटच्या बार्टन महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद स्वीकारले, आणि १९२३ साली त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. भावनगर हे त्या काळी संस्थान होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता; अमरावतीच्या न्यायासनाच्या दृष्टीने तो निराळाच मुलूख होता.

विभक्त झालेली स्त्री मुलीस घेऊन दूरच्या राज्यात जाते, याकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेने पाहात असेल, हे सांगावयास नको. तथापि त्या प्रवासातून काय निष्पन्न झाले ते पाहावे. मूल ही आईबापांची मालमत्ता नसून ती एक स्वतंत्र व्यक्ती आहे, हा विचार भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई व ताराबाई यांनी रुजविला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार निघाले. बोरडीस आल्यावर ताराबाईंच्या ध्यानात आले, की वारल्यांचे मूल शाळेत येत नाही, कारण ते धाकट्या भावंडास सांभाळीत असते किंवा गुरांमागे असते. तेव्हा मुलास शाळेकडे ओढण्याऐवजी त्यांनी शाळाच मुलाच्या अंगणात नेली, तीच आंगणवाडी. १९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथे गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. १९७५ साली केंद्र सरकारने देशभर बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांसही आंगणवाडी हेच नाव मिळाले. मोठ्यांच्या सोयीने मूल हलवावयाचे नाही, मुलाच्या सोयीने मोठ्यांनी हलावयाचे, हे कोसबाडचे तत्त्व शिक्षणापुरतेच मर्यादित नाही. विभक्त आईबापांच्या वादासही ते तंतोतंत लागू पडते.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, १९६१ साली नगरहवेली भारतात रीतसर सामील झाली, आणि तलासरीच्या बांधावरचा परदेश नाहीसा झाला. १९५६ साली हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायदा झाला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, आणि मुलाचे हित हाच सर्वांत वरचढ विचार असावा, असे त्याने ठरविले. येथे एक गोष्ट शहरातील वाचकांस नवी वाटेल. त्याच कायद्याच्या ३ ऱ्या कलमाप्रमाणे, केंद्र सरकारने निराळी अधिसूचना काढल्यावाचून तो अनुसूचित जमातींस लागू होत नाही. म्हणजे डहाणूतील एखाद्या हिंदु व्यापाऱ्याच्या मुलास जो कायदा लागू, तो शेजारच्या पाड्यावरील वारल्याच्या मुलास लागू नाही. त्याच्यासाठी जातीचा रिवाज आणि १८९० चा तो जुना कायदा, हीच दोन आधारस्थाने आहेत. सुदैवाने त्या जुन्या कायद्यातही मुलाचे कल्याण हा शब्द आहे.

बांधावरचा परदेश गेला, पण विमानाने दुसरा परदेश जवळ आणला. १९६० नंतर महाराष्ट्रातील शिकलेली तरुण मंडळी अमेरिकेत व इंग्लंडात संसार थाटू लागली. तेथे मुले झाली, आणि काही संसार तेथेच मोडले. १९८४ साली इंग्लंडातून बापाने आणलेल्या एका मुलाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निर्णय दिला, की ज्या देशात त्या पतिपत्नींचा संसार होता आणि मुलाचा जन्म झाला, त्या देशाच्या न्यायालयाचा या वादाशी सर्वांत निकटचा संबंध आहे; आणि मुलगा आईच्या हवाली झाला.

त्यानंतरचे दोन निकाल महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध असलेले आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिले प्रकरण पुण्याचे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात घटस्फोट होऊन मुलाचा ताबा आईस मिळाला होता व बापास भेटीचा हक्क होता. १९८६ च्या जानेवारीत बापाने भेटीच्या दिवसांचा फायदा घेऊन मुलास विमानात बसविले आणि पुण्यास आपल्या आईवडिलांच्या घरी आणले. आई मागोमाग येऊन सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आठ वर्षांचा तो मुलगा तिच्याबरोबर परत गेला. दहा महिन्यांत निकाल लागला. दुसऱ्या प्रकरणात नेणारी आई होती. अमेरिकेत जन्मलेले, वर्षाचेही न झालेले मूल घेऊन ती १९८४ साली मुंबईस आली. तेथील न्यायालयाने ताबा बापास दिला. येथेही खालच्या न्यायालयांतून वाद चालत राहिला. आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला तो १९९७ च्या नोव्हेंबरात. मुलगा त्या वेळी सुमारे चौदा वर्षांचा होता. आईवाचून दुसरे घर त्याने पाहिले नव्हते. परदेशी न्यायालयाचा हुकूम ही विचारात घ्यावयाची एक बाब आहे, अखेरचा शब्द नव्हे, असे सांगून न्यायालयाने त्यास आईजवळच ठेविले.

वरवर पाहणाऱ्यास हे दोन निर्णय परस्परविरुद्ध वाटतील. तसे ते नाहीत. दोहोंतही कसोटी मुलाच्या हिताचीच आहे. फरक आहे तो काळाचा. दहा महिन्यांत मूल परत नेले तर ते स्वतःच्या घरी जाते. तेरा वर्षांनी परत नेले तर ते परक्या घरी जाते. मोठ्या माणसांच्या वादात काळ हा साक्षीदार असतो, मुलांच्या वादात तो स्वतःच न्यायाधीश होऊन बसतो. म्हणून अशा कामी उशीर करणे म्हणजे ज्याच्या हाती मूल आहे त्याच्या बाजूने निकाल देणेच होय.

जगातील अनेक राष्ट्रांनी यावर तोड काढली ती १९८० साली हेग येथे. मूल अन्यायाने दुसऱ्या देशात नेले गेले आणि एक वर्षाच्या आत अर्ज झाला, तर सामान्यतः ते जेथून आणले त्या देशास तातडीने परत करावे, आणि ताब्याचा वाद तेथील न्यायालयाने मिटवावा, असा तो करार आहे. परत जाण्यात मुलास गंभीर धोका असेल, तर अपवाद करता येतो. शंभराहून अधिक राष्ट्रे या करारात आहेत. भारत मात्र त्यात सामील झालेला नाही. २००९ साली आपल्या विधी आयोगाने सामील होण्याची शिफारस केली; उलट २०१८ साली सरकारने नेमलेल्या समितीने तसे करू नये असा अभिप्राय दिला. विरोधाचे कारण दुर्लक्षिण्यासारखे नाही. परदेशातून मूल घेऊन मायदेशी येणाऱ्या कित्येक स्त्रिया मारहाणीस व छळास कंटाळून आलेल्या असतात. त्यांच्याजवळ तेथे ना पैसा, ना नातलग, ना वकील. त्यांना मुलासकट परत धाडणे म्हणजे आगीत लोटणे होईल, असे म्हणणारे चुकत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूस, मूल गमावलेल्या आईस किंवा बापास भारतात वर्षानुवर्षे तारखा मोजीत बसावे लागते, असे म्हणणारेही चुकत नाहीत. १५५९ चा पेच शिल्लकच आहे: हद्द आश्रयही असते, आणि चोरवाटही.

हा पेच एका नियमाने सुटणारा नाही. पण तो बिकट होऊ नये अशी वाट आहे, आणि ती १८९० च्या २६ व्या कलमात लिहून ठेविलेली आहे. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे पुण्याच्या एका विभक्त स्त्रीचे प्रकरण आले. तीस पोलंडमधील क्राकोव्ह येथे मोठ्या हुद्द्याचे काम मिळाले होते आणि नऊ वर्षांच्या मुलीस बरोबर नेण्याची परवानगी ती मागत होती. कुटुंब न्यायालयाने नकार दिला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मुलगी लहानपणापासून आईजवळ वाढली आहे, आणि आईस मूल किंवा नोकरी यांपैकी एक निवडावयास लावणे योग्य नव्हे, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्याचबरोबर बापास सुट्टीत प्रत्यक्ष भेट आणि एरवी दूरदृश्य यंत्रावरून बोलणे, यांची व्यवस्था लावून दिली. या बाईने मूल नेले ते विचारून नेले. तीस रात्रीच्या विमानाने पळावे लागले नाही, आणि बापासही लेकीचा पत्ता शोधीत फिरावे लागले नाही. १९८६ च्या पुण्यापासून २०२२ च्या पुण्यापर्यंत समाज किती पुढे आला, याचे हे माप आहे.

लग्न मोडते तेव्हा नवरा आणि बायको ही नाती संपतात; आई आणि बाप ही नाती संपत नाहीत. इंग्लंडने १९८९ च्या कायद्यात पालकांच्या हक्कांऐवजी पालकांची जबाबदारी असा शब्द योजिला, त्याचे मर्म हेच आहे. हक्क वाटून घेता येतो, विकता येतो, सोडूनही देता येतो; जबाबदारीचे तसे नाही. मूल कोठे राहावयाचे हे ठरविण्याआधी, मागे राहणाऱ्याशी त्याचे नाते कसे टिकावयाचे हे जे आईबाप ठरवितात, त्यांचे मूल क्राकोव्हला गेले काय आणि खानवेलीला गेले काय, ते पोरके होत नाही. आणि जे हे ठरवीत नाहीत, त्यांचे मूल एकाच गावात, दोन आळ्यांच्या अंतरावर राहूनही परदेशी जाते.